बाईचा रकाना

22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात 285 मुलींचं एकाच कार्यक्रमात नव्यानं नाव ठेवलं गेलं. ठेवणीतले कपडे घालून, केसांना क्लिपा लावून त्या आईबापांबरोबर आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र पडलं. तोवर त्या सगळ्यांचं नाव जवळपास एकच होतं. कुणी नकोशी, कुणी नकुसा. दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली की तिला हे नाव द्यायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. तत्कालीन जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकारानं आरोग्य खात्यानं जिल्हाभरात अशा मुलींचा शोध घेतला आणि ती यादी तयार झाली. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत ही बातमी छापून आली.

त्या बातमीत एक गोष्ट मला राहून राहून खटकत आली आहे. या मुली लपलेल्या नव्हत्या. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत त्या होत्या, लसीकरणाच्या कार्डावर होत्या, अंगणवाडीच्या हजेरीपटावर होत्या. ज्या शाळेत जात होत्या तिथं गुरुजी रोज सकाळी 'नकोशी' अशी हाक मारत होते आणि पोर 'हजर' म्हणत होती. एखाद्या घरानं मुलीबद्दलचं आपलं मत स्वतःहून, सरकारी शाईनं लिहून ठेवावं, याहून स्पष्ट पुरावा समाजशास्त्राला कोणता हवा? तो वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला, कारण हे नाव जिल्ह्यात किती मुलींना आहे, हा प्रश्नच कुणी कागदाला विचारला नाही. विचारला तेव्हा उत्तर मिळालं.

नावं बदलली हे उत्तमच झालं. आपण नको होतो हे रोज स्वतःच्या तोंडून सांगत जगण्याची पाळी कुठल्याच मुलीवर येऊ नये. पण ती यादी नामकरणावर थांबायला नको होती. कितव्या खेपेची मुलगी, कोणतं गाव, आधीच्या भावंडांत किती अंतर, आईला मध्ये कुठल्या तपासण्यांना नेलं होतं, असे चार प्रश्न त्याच यादीला पुढं जोडले असते, तर मुलगी नको असणं कुठल्या गावात, कुठल्या वयाच्या आईच्या वाट्याला कसं येतं, हे कळलं असतं. जनगणनेच्या अंतिम आकड्यांप्रमाणे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये साताऱ्यात 878 आणि सांगलीत 851 होत्या, 2011 मध्ये त्या 895 आणि 867 झाल्या. हे आकडे आजार आहे एवढं सांगतात. तो कुठल्या घरात कसा शिरला हे त्यांतून दिसत नाही.

सातारा आणि सांगली हे मुळात एकच दप्तर. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. या मुलखाला संशोधकांची सवय जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं 1940 मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळ तिचे एक लेखक. पुढं 1955 मध्ये त्याच संस्थेतून नीळकंठ विठ्ठल सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांची नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांची जननपाहणी बाहेर आली. आकडेशास्त्र हा पुरुषांचा प्रांत मानला जात होता त्या काळात एक मराठी बाई खेड्यांतल्या बायकांच्या बाळंतपणांचा हिशोब शास्त्र म्हणून मांडत होती. कुमुदिनीबाईंचं नाव आज लोकसंख्याशास्त्राबाहेर फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जननपाहणीत प्रश्न कसा विचारायचा याला सगळं महत्त्व आहे. 'मुलं किती?' असं बाईला विचारलं तर ती घरात दिसतात तेवढी सांगते. लग्न होऊन गेलेली लेक सुटते. तान्हेपणी गेलेलं मूल सुटतं, आणि त्यातही मुलगी असेल तर जास्त सुटते. म्हणून जगभरातल्या जननपाहण्यांनी एका प्रश्नाचे तीन केले. तुमच्याजवळ राहतात ती मुलं किती, दुसरीकडं राहतात ती किती, जन्मून वारली ती किती, आणि तिन्ही ठिकाणी मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आजही असंच विचारतात. प्रश्न फोडला की आकड्यात मुली वाढतात. बाई खोटं बोलत होती असं नव्हे, तिला नीट विचारलं गेलं नव्हतं.

साठच्या दशकात इरावती कर्वे या भागात आल्या. फलटण आणि भोवतालच्या गावांवरचा त्यांचा आणि जयंत रणदिवे यांचा अभ्यास 1965 चा. कोयनेच्या धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती डेक्कन कॉलेजनं 1969 मध्ये प्रसिद्ध केली. जाई निंबकर म्हणजे इरावतीबाईंच्याच कन्या, फलटणला स्थायिक झालेल्या, पुढं कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेल्या. मायलेकींनी मिळून धरणग्रस्तांचं दुःख शास्त्रीय पाहणीत बांधावं, ही आपल्या समाजशास्त्राच्या इतिहासातली मोठी घटना आहे. विस्थापितांचं काय होतं हे पुनर्वसनाचा कायदा येण्याआधी कुणीतरी दारोदार जाऊन विचारत होतं. महाराष्ट्राचा तो कायदा 1976 चा.

कोयनेचे लोक सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे असे पांगले. त्यांच्या हक्काचा आधार आजही एकच कागद आहे, संकलन रजिस्टर. कुणाची किती जमीन गेली, घर किती खणांचं, कुटुंबात माणसं किती, हे त्यात. खातं ज्याच्या नावावर तो खातेदार, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव त्या काळी बहुधा नवरा वारल्यावरच चढायचं. त्यामुळं डोंगरउतारावर नाचणी-वरीची शेती नवऱ्याच्या बरोबरीनं करणारी बाई बुडीत क्षेत्राच्या नोंदीत शेतकरी म्हणून आलीच नाही, कुटुंबातली एक व्यक्ती म्हणून आली. पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा माथाडीत, शेत बाईच्या अंगावर, अशी पाटण-जावळीची शेकडो घरं होती. तिथंही खातेदार तोच. साठ वर्षांनंतर पुनर्वसनासाठी कोयनानगरला धरणं धरून बसलेल्या गर्दीत बायकांची संख्या डोळ्यांत भरते. ज्या रजिस्टरावर त्यांचं भांडण आहे त्यात खातेदाराच्या रकान्यात त्यांचं नाव शोधून सापडणं कठीण.

हाच प्रकार आजही साखर कारखान्यांच्या हिशोबात चालू आहे. दिवाळी झाली की कराड, वाळवा, पलूसच्या शिवारात बीड-धाराशिवकडच्या टोळ्या उतरतात. त्यांचं मोजमाप माणशी होत नाही, कोयत्यावर होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल एका कोयत्याला, ती मुकादम नवऱ्याच्या हातात देणार. तोडलेल्या टनांचा हिशोब कोयत्याच्या नावानं, म्हणजे पुन्हा नवऱ्याच्याच नावानं. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर ऊस साळून मोळ्या बांधणारी, ती डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई या हिशोबात अर्धा कोयता आहे, आणि त्या अर्ध्याचा वेगळा पगार नाही. शेतीखर्चाच्या पाहण्यांनीही फार वेगळं केलेलं नाही. बाईचा दिवस पुरुषाच्या दिवसाचा काही अंश धरायचा, ही रीत तिथं कित्येक दशकं चालली. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक जणी सांगली-साताऱ्याच्या फडांत दर हंगामाला येत होत्या. कारखान्याकडं टनांचा रोजचा हिशोब होता, गाडीचा नंबर होता, साखर उताऱ्याचा आकडा दोन दशांशांपर्यंत होता. बाई आजारी पडून किती दिवस कामावर आली नाही, याला त्या हिशोबात जागा नव्हती. मुकादमाच्या वहीत तिचा खाडा मात्र दंड म्हणून लिहिला जात होता.

मिरज-सांगलीचं नाव वैद्यकीय आकड्यांत फार आधीपासून आहे. एचआयव्हीच्या काळात हा जिल्हा देशातल्या सर्वांत गंभीर जिल्ह्यांत मोजला गेला. लागण किती हे ठरवलं कसं, ते सांगितलंच पाहिजे. दरवर्षी ठरावीक सरकारी दवाखान्यांत गर्भतपासणीला येणाऱ्या बायकांचे ओळीनं 400 नमुने घ्यायचे. गुप्तरोगाच्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं रक्त, वर नाव नाही, त्याची एचआयव्ही चाचणी. त्यावरून 'सर्वसाधारण लोकसंख्ये'त लागण किती याचा अंदाज बांधायचा. म्हणजे देशातल्या पुरुषांच्या लागणीचाही अंदाज गर्भार बायकांच्या रक्तावरून निघत होता. कारण उघड होतं. दवाखान्यात येऊन निमूटपणे हात पुढं करणारी, कसलं रक्त म्हणून न विचारणारी अशी दुसरी माणसं व्यवस्थेला मिळत नव्हती.

2005 साठीचा देशाचा आकडा 52 लाखांच्या आसपास होता. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लाखभर बायका-पुरुषांची त्यांच्या घरी जाऊन, संमती घेऊन चाचणी झाली आणि 2007 मध्ये आकडा निम्म्यावर, 25 लाखांच्या आसपास आला. मधल्या वर्षांत पैसा, धोरणं, भीती सगळं जुन्या आकड्यावर चाललं होतं. गावात त्याची किंमत बाईनं दिली. गर्भारपणात तिचीच तपासणी आधी होई, म्हणून लागण आधी तिचीच उघड होई, आणि 'हिनंच घरात आणलं' असं म्हणून तिला माहेरी धाडलं जाई. कुणाची तपासणी आधी होते हा कारभाराचा प्रश्न होता, सासरनं त्याचा चारित्र्याचा निकाल केला.

याच सांगलीत 1992 मध्ये मीना सरस्वती सेषू यांनी 'संग्राम' सुरू केली. गोकुळनगरातल्या धंदा करणाऱ्या बायकांनी कंडोम वाटायला सुरुवात केली आणि 1996 मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. एचआयव्हीच्या काळात अभ्यासकांची रीघ याच वस्त्यांकडं लागायची. फॉर्म भरायचे, रक्त न्यायचं, आणि निष्कर्ष परक्या भाषेत परक्या गावी छापायचे. 'संग्राम'नं हक्कांची एक सनद केली. आपल्याशी नम्रपणे वागलं जावं, आपल्याशी संबंधित गोष्टीला हो किंवा नाही म्हणता यावं, आपल्याला न समजून घेणाऱ्यांनी आपली 'सुटका' करू नये, असं तिच्यात आहे. समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात संशोधनाची नीतिमत्ता शिकवतात, तिथं ही सांगलीची सनद पहिल्या तासाला वाचायला हवी.

पुढची पायरी त्याहून मोठी होती. 2011 मध्ये 'संग्राम'शी जोडलेल्या एका केंद्रानं देशपातळीवरची पाहणी पुढं आणली. पुण्याच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी 14 राज्यांतल्या 3,000 बायकांच्या मुलाखतींवर ती मांडली. तोवर या बायकांना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले. कुणी फसवलं, कुणी विकलं, गिऱ्हाइकं किती, कंडोम वापरता का. या पाहणीनं विचारलं, या आधी कोणतं काम करत होता, किती मिळत होतं, ते का सोडलं? उत्तरांतून घरकाम, बांधकाम, शेतमजुरी, कारखान्यातलं काम असं सगळं बाहेर आलं. फार मोठ्या संख्येनं बायका आधी दुसरीकडं राबलेल्या होत्या. कामाचा रकाना वाढवल्याबरोबर धंदा करणारी बाई मजूर म्हणून दिसू लागली. तिचा प्रश्न मजुरीच्या दराशी जोडला गेला.

कागदावर विश्वास ठेवायचा तो त्याच्या मर्यादा ओळखून. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यात गर्भार बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो. महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला, आणि तो अमलात आणा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले ते 'सेहत', 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज, म्हणजे संशोधन करणारेच लोक. 2019 मध्ये न्यायालयानं एफ फॉर्म नीट न भरणं ही नुसती कारकुनी चूक नाही असं ठरवलं. पण 2017 च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेला आणि ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ निघाले, तेव्हा त्यांतल्या एकाही गर्भाचा खरा हिशोब कुठल्या नोंदवहीत नव्हता. नोंद करणाऱ्याचीच नोंद सापडते. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी म्हणून दुसरी वाट धरली. गर्भार बाईलाच साक्षीदार करून, तिच्या संमतीनं केंद्रात पाठवून पुरावा उभा करायचा. त्यांची दलित महिला विकास मंडळ ही संस्था 1990 पासून काम करते. 2025 चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. या वाटेची बातमी स्टिंग म्हणून होते. माझ्या मते ती क्षेत्रीय संशोधनाची एक धीट पद्धत आहे.

आता हे सगळे रकाने भरतं कोण? आशाताई, अंगणवाडी सेविका, एएनएम, गटप्रवर्तक. सगळ्या बायका. देशाच्या आरोग्याच्या आकड्यांचा जवळजवळ सगळा कच्चा माल त्यांच्या हातून निघतो आणि त्यांतल्या बहुतेकींना मिळतं ते मानधन किंवा कामागणिक मोबदला. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन सारखे बंद पडत होते, आणि पोषण ट्रॅकरचं ॲप इंग्रजीत होतं. माहिती भरणारीला जी भाषा येत नाही त्या भाषेत माहिती मागायची आणि मग माहिती चुकली म्हणून तिलाच जाब विचारायचा, हे कुठल्याही संशोधनात खपवून घेतलं नसतं.

खटाव तालुक्यातल्या एका आशाताईंनी मला त्यांची वही उघडून दाखवली. शाळेच्या वहीसारखीच, पुठ्ठ्याला खाकी कव्हर घातलेली, रकाने पट्टीनं आखलेले. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, जननक्षम जोडपी, बाईचं वय, मुलं किती, कुटुंब नियोजनाची पद्धत. एका घरापुढं अगदी कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माहेरी'. मी विचारलं, "ताई, हे काय?"

"टाकल्याली हाय ती. पाच वर्सं झाली, भावाकडं ऱ्हाती. नवरा न्हाई म्हटल्यावर जोडपं कुटलं? जोडप्यात बसंना, इधवा न्हाई, बिनलग्नाची न्हाई. मंग मी कडंला लिवून ठेवती. रगत कमी हाय तिच्यात, गोळ्या द्याव्या लागत्यात. साहेब तपासाय आलं की खोडती."

त्या पेन्सिलीच्या शब्दाला या मुलखात मोठा इतिहास आहे. प्रतिसरकारच्या चळवळीतून घडलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, त्यांचे चिरंजीव भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायका यांनी ऐंशीच्या दशकात सांगली-साताऱ्यात परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. गेलताई अमेरिकेतून ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. करायला आल्या, कासेगावच्या झाल्या, 1983 मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. परित्यक्तांच्या मागण्या अगदी हिशोबी होत्या. स्वतंत्र रेशनकार्ड, राहायला जागा, कसायला जमीन. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव हवं तर आधी सरकारनं मान्य करायला हवं की अशी बाई आहे. ते मान्य करून घ्यायला मोर्चे निघाले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरवली. हे अचानक झालेलं नाही, त्यामागं अशा कित्येक गावांतल्या बायकांची पायपीट आहे.

जनगणनेत 2001 पर्यंत घटस्फोटित आणि विभक्त यांची बेरीज एकाच रकान्यात होत होती. 2011 मध्ये ते वेगळे झाले आणि आकडा बाहेर आला. देशात घटस्फोटित बायका सुमारे 9 लाख, आणि घटस्फोट न होता वेगळ्या राहणाऱ्या सुमारे 23 लाख. कोर्टाच्या कागदाशिवाय टाकून दिलेल्या बायका कागदावर सोडलेल्यांच्या दुपटीहून जास्त. कासेगावच्या बायका पंचवीस वर्षं हेच ओरडून सांगत होत्या. आणि हा आकडाही कमीच असणार, कारण दारात आलेल्या प्रगणकाला उत्तर बाई देत नाही, भाऊ देतो. 'बहीण आहे, लग्न झालंय,' एवढं तो सांगतो. यात घराची अब्रू राहते आणि बाई विवाहितांच्या बेरजेत जाते.

पुढची जनगणना 2027 ची. आधी 2026 मध्ये घरयादी. या वेळी ती मोबाइलवर होणार आहे आणि ज्याला हवं त्याला घरबसल्या स्वतःची माहिती स्वतः भरता येणार आहे. स्वतः म्हणजे घरात ज्याच्या हातात फोन आहे त्यानं. कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, बाईच विचारते, आसपास कुणी नाही हे पाहून, आणि कुणी आलं तर विषय बदलते. म्हणजे एकांतात विचारायची रीत आपल्याकडं आहे, ती शिकवलेल्या बायकाही आहेत. प्रगणक म्हणून जाणार आहेत ते या दोन जिल्ह्यांतले जिल्हा परिषदेचे शिक्षक, शिक्षिका आणि इतर सरकारी कर्मचारी. वैवाहिक स्थितीचा प्रश्न आला की तो त्या बाईलाच विचारायचा, भावाला किंवा सासऱ्याला नाही, एवढं त्यांच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं, आणि तिनं दिलेलं उत्तर जसंच्या तसं भरायची मुभा त्यांना मिळाली, तर खटावच्या वहीतलं ते पेन्सिलीनं लिहिलेलं पुढच्या वेळी कुणाला खोडावं लागणार नाही.